साधारण कारागीर पाहिजे

पैज लागली ती जिन्यात, आणि लागली एका बाथटबमुळे.

टब जायचा होता काचवाल्याच्या दुकानात. पण हमालांनी तो बिल्डिंगच्या जिन्यात चढवला, पहिल्याच वळणावर घट्ट अडकवला आणि 'आलोच' म्हणून चहाला निघून गेले. आता वरचे वर आणि खालचे खाली. वरच्या बाजूला डिंकबाई, खालच्या बाजूला काचवाला, आणि मधोमध, म्हणजे चक्क टबात, तळमजल्याचे शिंपीकाका. टब ओलांडून पलीकडे जावं म्हणून त्यांनी पाय टाकला होता, तो सुळकन घसरला. मग गळ्यातली मापाची पट्टी सारखी करत म्हणाले, "पडलोच आहे तर बसतो."

माणसं अडकली की बोलतात. डिंकबाईंच्या हातात पत्र होतं आणि चेहरा त्या पत्राहून पांढरा.

"काय झालं बाई?" काकांनी टबातूनच विचारलं.

"कंपनीनं माझ्या पेटंटवर हरकत घेतलीय."

डिंकबाई म्हणजे रसायनशास्त्राच्या बाई. वीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत घालवली, मग बिल्डिंगच्या मागे दोन खोल्या घेऊन स्वतःचा सिलिकॉनचा डिंक काढला. एका खोलीत डिंक घोटायचा, दुसऱ्या खोलीत दोन बायका तो नळ्यांत भरायच्या. बाथरूमच्या काचा, टबाच्या कडा, बेसिनच्या फटी, सगळीकडे हाच डिंक. त्यावर त्यांचं पेटंट होतं, म्हणजे बाकी कोणी तो बनवायचा नाही. आणि आता एक दांडगी कंपनी म्हणत होती की या डिंकात नवीन काय आहे? हे तर उघडच होतं. या धंद्यातल्या कुठल्याही साधारण कारागिराला सुचलं असतं. असं ठरलं तर पेटंट रद्द. पेटंट रद्द झालं की महिनाभरात कंपनीच्या नळ्या दुकानोदुकानी, आणि बाईंच्या दोन खोल्यांना कुलूप.

"मग बरोबरच आहे की त्यांचं," काचवाला खालून म्हणाला.

माणूस वाईट नव्हता. पण जिभेला हाड नव्हतं. गल्लीत त्याला 'त्यातकाय' म्हणायचे. कुणाची मुलगी डॉक्टर झाली, 'त्यात काय एवढं'. कुणी डोंगर चढून आला, 'त्यात काय एवढं, वाट आहे ना?' त्याच्या बायकोला जुळी झाली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यातसुद्धा तो हेच बोलून गेला होता. आत ऐकू गेलं. पुढे महिनाभर तो गार जेवण जेवला, पण सवय गेली नाही.

"काचवाले," बाई वरून म्हणाल्या, "तुम्हाला सुचला असता माझा डिंक?"

"चहा गाळता गाळता सुचलं असतं, बाई. सवड झाली नाही, एवढंच."

शिंपीकाकांचे डोळे चमकले. या माणसाला कपडे शिवण्यापेक्षा लोकांना एकमेकांत गुंतवण्यात जास्त रस. "लावता पैज?" ते म्हणाले. आणि कशाची पैज लावावी म्हणून इकडेतिकडे बघताना त्यांची नजर आपल्याच बुडाखाली गेली.

अटी तिथल्या तिथे ठरल्या. सुनावणीत 'उघडच होतं' असा निकाल लागला तर डिंकबाई हरल्या. नाही लागला तर काचवाला हरला. जो हरेल त्यानं काचवाल्याच्या दुकानासमोर, फुटपाथवर, याच टबात, पाण्यात, दहा ते बारा बसायचं. अंगात लग्नातला पोशाख.

"माझं लग्न झालेलं नाही," बाई म्हणाल्या.

"मग पदवीचा झगा घाला. टोपीसकट."

आणि येणाजाणाऱ्यानं विचारलं, की असे का बसलात, तर बाईंनी सांगायचं, 'हे कोणालाही सुचलं असतं.' काचवाल्यानं सांगायचं, 'मला सुचलं नसतं.'

"आणि पुढे 'पण' जोडायचं नाही," बाई म्हणाल्या. त्या माणूस ओळखून होत्या. "एका 'पण'ला पाच मिनिटं वाढ."

"मंजूर," काचवाला म्हणाला. "तुमच्या झग्याला इस्त्री करून ठेवा."

तेवढ्यात हमाल आले, आणि काकांना न उठवताच त्यांनी टब खाली नेला.

आता हा डिंक काय भानगड होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढची मजा हुकेल. चांगल्यातलं सिलिकॉन दोन डब्यांत येतं. दोन्ही एकत्र कालवले की आतल्या लांबच लांब साखळ्या एकमेकींचे हात धरतात आणि वीस मिनिटांत सगळ्याचं रबर होतं. त्या वीस मिनिटांत काच सरळ बसली तर बसली, नाहीतर जन्मभर वाकडी. शिवाय या सिलिकॉनला एक वैरी आहे, गंधक. गंधकाचा नुसता वास लागला तरी साखळ्या हात सोडतात आणि सगळा माल शेंबडासारखा लिबलिबीत राहतो. डिंकबाईंनी काय केलं, तर त्या गंधकाच्याच घराण्यातलं, कांद्यासारखं वासाचं एक पाणी मुद्दाम थेंबभर घातलं. त्यामुळे डिंक दिवसभर मऊ राहतो. काच सावकाश बसवा, मनासारखी हलवा, आणि मग गरम हवेचं यंत्र फिरवा. वास उडाला की डिंक दहा मोजेपर्यंत टणक. ज्या चोराला अख्खा धंदा काठी घेऊन हाकलत होता, त्यालाच बाईंनी दारावर राखणीला बसवला.

पैजेनंतर चारच दिवसांनी गल्लीत एक वकील आला. काळा कोट, हातात फाइल, बुटांना धूळ लागू नये म्हणून बदकासारखी चाल. शिंप्याच्या दुकानासमोर थांबून त्यानं विचारलं, "इथे सिलिकॉनचं काम करणारा कोणी साधारण कारागीर मिळेल का?"

"साधारण?" काका म्हणाले. "साधारण इथे कोणी नाही. सगळे एक नंबर."

"मला साधारणच हवाय. कायद्यात तसं लिहिलंय."

काकांनी शांतपणे समोरच्या काचेच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

वकिलानं काचवाल्याला नीट समजावलं. कायद्यात म्हणे एक काल्पनिक माणूस असतो. धंद्यातलं सगळं त्यानं वाचलेलं असतं, सगळं त्याच्या लक्षात असतं, पण स्वतःची नवी कल्पना त्याला आयुष्यात सुचत नाही. अशा माणसाला जे सुचेल, ते उघड.

"म्हणजे आमचे सासरे," काचवाला म्हणाला.

"तुम्ही त्या माणसाच्या जागी उभे राहायचं. तुम्ही म्हणालात 'हे मला सुचलं असतं', की संपलं. तुमचा शब्द म्हणजे अख्ख्या धंद्याचा शब्द."

हे शेवटचं वाक्य काचवाल्याला फार आवडलं. कंपनीचा वकील आपल्याला पैजही जिंकून देतोय आणि वर मानही देतोय. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती त्याचा लग्नातला कोट उन्हात टाकत होती. "कोट कशाला काढलास?" त्यानं विचारलं. "हरतोय कुठे मी?"

"असू दे हाताशी," ती म्हणाली. "आणि तो काल्पनिक माणूस म्हणजे आमचे बाबा नाहीत. वाचायचा भाग सोडला तर तुम्हीच आहात अगदी."

"अगं, पण जिंकणार ना आपण."

"जिंका की. डिंकबाई दोन तास टबात बसतील. हसू आपण. मग बारा वाजता त्या उठतील, अंग पुसतील, आणि जातील कुठे? खोल्यांना तर कुलूप."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"मी कुठे म्हटलं खोटं बोला? खरं बोला. पण खरं काय आहे ते आधी स्वतःला तरी विचारलंय का?"

त्यानं विचारलं नव्हतं. जेवताना विचारून बघितलं. उत्तर आलं ते 'त्यात काय एवढं' असंच आलं, कारण डोक्यातल्या त्या खोलीत दुसरं उत्तर आजवर राहायलाच आलं नव्हतं.

सुनावणीची खोली म्हणजे तीन टेबलं, एक करकरणारा पंखा आणि भिंतभर फायली. निकाल देणारे साहेब बारीक, चष्मा कपाळावर, समोर तासून ठेवलेल्या सात पेन्सिली. एका बाजूला कंपनीचा वकील. दुसऱ्या बाजूला डिंकबाई आणि त्यांची वकील, म्हणजे त्यांची सख्खी भाची. मागच्या बाकावर शिंपीकाका, पैजेचे पंच म्हणून. साहेबांनी त्यांना 'आपण कोण' विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जनता."

कंपनीचा वकील उठला. "साहेब, हे माझे साक्षीदार. अत्यंत साधारण कारागीर."

काचवाल्याला खोकला आला.

"हरकत आहे," भाची म्हणाली. "हे गृहस्थ मुळीच साधारण नाहीत. गोल काच एका फटक्यात कापतात. अख्ख्या बाजारात असा हात नाही. अशा असामान्य माणसाला काय सुचेल, त्यावरून साधारण माणसाचं कसं ठरवणार?"

काचवाल्याची छाती फुगली. पोरगी गुणी आहे, त्याला वाटलं.

"अतिशयोक्ती, साहेब," कंपनीचा वकील म्हणाला. "साक्षीदार नववीत दोनदा नापास."

"एकदा," काचवाला म्हणाला.

"दोनदा. दाखला जोडलाय."

"पण गेल्या वर्षी," भाची म्हणाली, "वळणाच्या जिन्याला यांनी नुसत्या दोऱ्यानं माप घेऊन काच बसवली. केसाचा फरक नाही. कलाकार आहेत."

"आणि तीन महिन्यांपूर्वी," वकील म्हणाला, "एका बाथरूमचं दार असं बसवलं, की ते आतूनही उघडेना आणि बाहेरूनही उघडेना."

"तो बिजागरीचा दोष होता," काचवाला म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. "गिऱ्हाईक कुठे होतं?"

"आत."

साहेबांनी पेन्सिल बदलली.

हे असं अर्धा तास चाललं. त्याच्या बाजूचा वकील त्याला गाढव ठरवत होता, विरुद्ध बाजूची पोरगी त्याला देवत्व देत होती, आणि काचवाल्याला कळेना की टाळी कुणासाठी वाजवायची. शेवटी साहेबच म्हणाले, "साक्षीदार मध्यम आहेत असं धरून चालू. निकालात यांचा काही स्वार्थ?"

"आहे," भाची म्हणाली. "टबात बसायचंय." आणि तिनं पैज सांगितली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "पाणी गरम की गार?"

मागच्या बाकावरून काका म्हणाले, "ते राहिलंच बघा ठरवायचं."

साहेबांनी 'टब' असा शब्द लिहून त्याखाली रेघ मारली. "चला पुढे."

कंपनीच्या वकिलानं दोन जुनी पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. एकात लिहिलं होतं, गंधकानं सिलिकॉन टणक होत नाही. दुसऱ्यात लिहिलं होतं, असली वासाची द्रव्यं गरम केली की उडून जातात. "दोन्ही तुमच्यासमोर आहेत. काय सुचतं?"

"सोपं आहे," काचवाला म्हणाला. "वासाचं पाणी घालायचं, काम होईपर्यंत माल मऊ ठेवायचा, मग गरम हवेनं ते उडवायचं. त्यात काय एवढं."

वकील समाधानानं खाली बसला.  डिंकबाई नखातला वाळलेला डिंक काढत होत्या. काचवाल्याचं तिकडे लक्ष गेलं आणि उगाचच त्यानं पंख्याकडे बघितलं.

भाची उठली. "मला एकच विचारायचंय. मावशीचा डिंक बाजारात यायच्या आधी, सिलिकॉनच्या कामाच्या दिवशी तुमच्या जेवणाच्या डब्यात काय असायचं?"

हा काय प्रश्न झाला? "काहीही असायचं," तो म्हणाला. "कांदा-लसूण सोडून."

"का सोडून?"

"का म्हणजे? डोकं ठिकाणावर आहे म्हणून. कांद्यात गंधक, लसणात गंधक. तो हात सिलिकॉनला लागला की माल मेला. आमचे उस्ताद तर आदल्या दिवसापासून खाऊ द्यायचे नाहीत. अंडं नाही, रबराचे हातमोजे नाहीत, खिशात काड्यापेटी नाही." आता त्याला रंग चढला. धंद्याचं कुणी विचारलं की तो असाच खुलायचा. "माझा मेहुणा होता माझ्याकडे कामाला. सख्खा मेहुणा. एकदा चौथ्या मजल्यावर काच बसवताना त्यानं ढेकर दिली. कांद्याची. मी त्याला तिथून जिना उतरायला लावला तो आजतागायत वर घेतला नाही. बायको सहा महिने बोलत नव्हती माझ्याशी. पण काच सरळ बसली."

"म्हणजे गंधक जवळ येऊ नये म्हणून तुम्ही नातं तोडलंत."

"तोडलं. सगळेच तसे. या धंद्यात कुठलाही..."

आणि इथे तो थांबला.  साहेबांची पेन्सिल भराभरा चालली होती.

कंपनीचा वकील ताडकन उठला. आवाजात साखर घोळून म्हणाला, "असं कसं? एवढे हुशार कारागीर तुम्ही. कधीतरी घरी, कुणी नसताना, बघू या काय होतं म्हणून चिमूटभर गंधक घालून पाहिला असेलच ना? एकदा तरी?"

नुसती मान हलवायची होती. घरात काय केलं ते कोण बघायला आलं होतं? काचवाल्याच्या डोळ्यांपुढे टब आला. लग्नातला कोट आला, ज्याची बटणं आणि काजी आता एकमेकांना लांबूनच ओळखत होती. अख्खी गल्ली आली, हसत. त्यानं मान हलवायला घेतलीसुद्धा. आणि तेवढ्यात त्याला ते चित्र दिसलं. आपण, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या सिलिकॉनमध्ये गंधक घालतोय. त्याच्या अंगावर काटा आला, जसा आचाऱ्याला भांड्यात पाल दिसल्यावर येतो.

"साहेब, लिहून घ्या," तो म्हणाला. "कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली असती तरी मी गंधक घातला नसता. यांनी आज ही दोन पुस्तकं जवळजवळ ठेवली म्हणून आज मी पटकन बोललो. जादूगारानं पत्ता कुठे लपवला ते सांगितल्यावर काय, कुणीही काढून दाखवेल. तेव्हा आम्ही सगळे उलट्या दिशेनं पळत होतो. मी सगळ्यांच्या पुढे."

कंपनीचा वकील खाली बसला. ज्या खुर्चीवर बसला त्यावर त्याचीच फाइल होती.

"म्हणजे," साहेब म्हणाले, "तुम्हाला हे सुचलं असतं की नसतं?"

  काचवाला पाणी प्यायला. चाळीस वर्षांत 'नसतं' हा शब्द त्यानं स्वतःबद्दल वापरला नव्हता, तो घशातून वर यायलाच तयार नव्हता. "उस्तादांनी मला कानफटवलं असतं," तो शेवटी म्हणाला. "एवढं लिहा."

"'नसतं' असं लिहितो," साहेब म्हणाले.

आठ दिवसांनी निकाल आला. डिंक उघड नव्हता. पेटंट कायम. मागच्या खोलीत नळ्या भरणाऱ्या दोघींनी त्या दिवशी इतक्या आनंदानं काम केलं की पन्नास नळ्यांना टोपणंच लावायची राहिली.

आणि पुढच्या सकाळी दहाला टब फुटपाथवर आला. गळू नये म्हणून त्याच्या जिन्यात पडलेल्या भेगेत कोणता डिंक भरला होता ते काकांनी येणाऱ्याजाणाऱ्याला विनाकारण सांगितलं. पाणी गार होतं. पैजेत ठरलं नव्हतं, म्हणून काकांनी पंच या नात्यानं गार ठरवलं. काचवाला कोट घालून आत उतरला. पाणी काठोकाठ आलं, थोडं बाहेर गेलं, आणि कोटाचं वरचं बटण सुटून थेट शेजारच्या न्हाव्याच्या दारापर्यंत गेलं.

पहिला आला तो न्हावीच. "का हो बसलात असे?"

"मला सुचलं नसतं," काचवाला भराभर म्हणाला, "पण मला जर वेळ..."

"पाच मिनिटं," काका म्हणाले. त्यांनी वही आणली होती.

मग शाळेला निघालेल्या मास्तरीणबाई. "मला सुचलं नसतं, पण आता सांगितल्यावर..." पाच मिनिटं. मग एक अनोळखी म्हातारे, त्यांना ऐकू कमी यायचं, त्यांना तीन वेळा सांगावं लागलं आणि तीन वेळा 'पण' आला. पंधरा मिनिटं. एका बाईनं विचारलं, टब विकायला आहे का, आणि आतल्या माणसासकट आहे की वेगळा. बायको वरून बाल्कनीत उभी राहून हे सगळं बघत होती आणि कपडे वाळत घालायचं निमित्त म्हणून एकच पंचा सात वेळा झटकत होती.

बारा वाजले. काकांनी हिशेब वाचला. अजून पंचवीस मिनिटं.

काचवाल्याची बोटं सुरकुतली होती, दात वाजत होते. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि डिंकबाई आल्या. हातात वाफाळतं पातेलं. त्यांनी ते त्याच्या पायांच्या बाजूला हळूच ओतलं, पातेलं बाजूला ठेवलं आणि साडीचा पदर खोचून टबाच्या काठावर बसल्या.

"काचवाले," त्या म्हणाल्या, "का बसलात असे?"

अख्खी गल्ली जमली. न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईकसुद्धा अर्ध्या दाढीनं बाहेर आलेलं. काचवाल्यानं बाईंकडे बघितलं. त्याच्या गालावर एक 'पण' येऊन बसलेला सगळ्यांना दिसला. काकांनी पेन सरसावलं.

"मला सुचलं नसतं, बाई," तो म्हणाला.

सगळे वाट बघत राहिले. पुढे काही आलं नाही.

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या. "ट्रक गेला मघाशी."

ट्रक काही गेला नव्हता. काचवाला टबात उठून उभा राहिला, कोटाच्या दोन्ही खिशांतून पाणी गळत होतं, आणि चौथ्या मजल्याच्या खिडक्या उघडतील अशा आवाजात त्यानं ते पुन्हा सांगितलं.